कच्च्या तेलाची वाफ कुठे करायची? एका बर्नरचे प्रकरण

काम तसे लहान होते. एका तेलविहिरीजवळच्या केंद्रावर तेल आणि पाणी वेगळे करणारा हीटर होता. विहिरीतून तेलाबरोबर येणारे पाणी सुटे नसते. ते बारीक थेंबांच्या रूपात तेलात पार घोटलेले असते. ते फुटून खाली बसावे म्हणून सगळे मिश्रण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. हा हीटर इतकी वर्षे विहिरीच्याच गॅसवर चालत होता. विहीर म्हातारी झाली, गॅस आटत गेला आणि हीटरसाठी बाहेरून डिझेल आणायची वेळ आली. टाकीत तेल भरलेले, आणि ते तापवायला टँकरने डिझेल यायचे. केंद्रप्रमुखांनी विचारले, "हेच तेल जाळता येणार नाही का? धूर न करता, आणि चोवीस तास माणूस न बसवता?"

मी हो म्हटले. ते हो खरे करायला मला तीन आराखडे लागले. त्यातला पहिला माझ्या अजूनही डोळ्यांसमोर आहे, कारण तो कापून मी हातात घेतला होता.

आधी हिशेब. हीटरला १०० किलोवॉट उष्णता हवी होती. भट्टीची एकूण कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर इंधनातून सुमारे १३३ किलोवॉट काढावे लागतात. कच्च्या तेलाचे उष्मांक मूल्य किलोमागे साधारण ४२ मेगाज्यूल असते. म्हणजे तासाला साडेअकरा किलोच्या आसपास, लिटरमध्ये तेरा. एक किलो तेल पुरते जाळायला सुमारे १४ किलो हवा लागते. वर २० टक्के जास्तीची धरली की तासाला १९० किलो हवा झाली. हे काम साधा ब्लोअर करतो. यात अवघड असे काहीच दिसत नव्हते.

वाफेचा मोह

पहिली कल्पना जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येते तीच माझ्याही मनात आली. तेल द्रवरूपात जळतच नाही, जळते ती त्याची वाफ. मग जाळण्याआधीच सगळ्या तेलाची वाफ केली तर ते गॅससारखे स्वच्छ जळायला हवे. प्रायमस स्टोव्ह हेच करतो. १८९२ पासून तो रॉकेलची वाफ करून निळ्या ज्योतीने जळत आला आहे. त्यात ज्योतीच्याच उष्णतेने नळी तापते, नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती वाफ बारीक छिद्रातून सुटून हवा ओढून घेते. यंत्र साधे आहे, त्यात फिरणारा एकही भाग नाही.

ऊर्जेचा हिशेबही बाजूने होता. एक किलो तेल तीस अंशांवरून साडेतीनशेपर्यंत तापवायचे आणि वाफ होण्याची उष्णता द्यायची, हे सगळे मिळून जेमतेम एक मेगाज्यूल. मिळतात ४२. अडीच टक्के उष्णता ज्योतीकडून उसनी घ्यायची, ती लगेच परत मिळते. कागदावर हे इतके चोख बसते की पुढचा प्रश्न विचारायचे राहून जाते.

१२ मिलीमीटर आतला व्यास आणि सहा मीटर लांबी असलेली स्टेनलेस स्टीलची नळी आम्ही गुंडाळून कॉइल केली आणि ज्योतीभोवती बसवली. शेवटी ४ मिलीमीटरचे छिद्र. एलपीजीच्या ज्योतीने कॉइल तापवायची, मग पंपाने तेल सोडायचे, वाफ पेटली की एलपीजी बंद.

पहिला तास फार सुंदर गेला. ज्योत बुडाशी निळी, वर फिकट पिवळी, चिमणीतून डोळ्याला दिसेल असे काही नाही. मी खरोखर हरखलो होतो. दुसऱ्या तासात ज्योत श्वास घेतल्यासारखी खालीवर होऊ लागली. नळीत कुठे वाफ, कुठे द्रव अशी स्थिती झाली होती, आणि मध्येच द्रवाचा एखादा गोळा छिद्रापर्यंत येऊन पोहोचायचा. तो आला की भट्टीत भक्कन जाळ उठायचा आणि चिमणीतून काळा झोत निघायचा. तिथल्या जुन्या ऑपरेटरने माझ्या आधी ओळखले. "साहेब, आवाज बदललाय," तो म्हणाला. साडेतीन तासांनी पंपाचा दाब चढत जाऊन रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, तेल टाकीत परत फिरले आणि ज्योत विझली.

दुसऱ्या दिवशी कॉइल हॅक्सॉने कापली. पहिले दोन मीटर आतून स्वच्छ होते, बोट फिरवले तर नुसते तेल लागत होते. मधल्या भागात डांबरासारखा चिकट थर. शेवटच्या दीड मीटरमध्ये नळी जवळजवळ भरलेली होती. काळा, कडक, चकचकीत कोक, म्हणजे तेल भाजून मागे उरलेला कार्बन, आणि त्याच्या मधोमध पेन्सिलीच्या शिशाएवढे भोक. स्क्रूड्रायव्हरने टोचला तर फरशीवर मारल्यासारखा आवाज यायचा. एक तुकडा निघाला. त्यात झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसत होते. ज्योत जितक्या वेळा खालीवर झाली, तितके थर असावेत असे मला तेव्हा वाटले.

रॉकेल आणि कच्चे तेल यांतला फरक

रॉकेल हा कच्च्या तेलाचा निवडून काढलेला तुकडा आहे. साधारण १५० ते २७५ अंशांच्या दरम्यान ते सगळेच्या सगळे उकळून जाते, मागे जवळपास काही उरत नाही. कच्च्या तेलात ४० अंशांना उडून जाणारे घटक असतात आणि ५५० अंशांनाही न उकळणारे असतात. सगळे एकाच भांड्यात. तापमान वाढवत नेले तर हलके आधी जातात, जड मागे राहतात, आणि साडेतीनशे-पावणेचारशेच्या पुढे जड रेणू उकळण्याऐवजी तुटू लागतात. तुटताना त्यांचा काही भाग हलका होऊन वाफेत जातो, उरलेल्यातला हायड्रोजन कमी होत जातो आणि अखेर कोक होतो.

रिफायनरीत हे रोजचे ज्ञान आहे. म्हणूनच तिथे तेल उकळून वेगळे करणाऱ्या पहिल्या मनोऱ्यात जाणारे तेल साधारण ३५० ते ३७० अंशांपलीकडे तापवत नाहीत. उरलेले जड तेल दुसऱ्या मनोऱ्यात निर्वाताखाली उकळवतात, म्हणजे कमी तापमानातच त्याची वाफ होते. एवढा खटाटोप करूनही तळाशी डांबराचा गाळ राहतोच. जे काम रिफायनरी दोन मनोरे आणि निर्वात पंप वापरूनही पूर्ण करू शकत नाही, ते मी सहा मीटरच्या नळीकडून मागत होतो.

आमच्या तेलाचा तपासणी अहवाल आधीपासून फाइलमध्ये होता. ३५० अंशांपर्यंत जेमतेम निम्मे तेल उकळते, आणि कार्बन अवशेष (तेल तापवून उडवल्यावर मागे उरणारा कोक) सुमारे ४ टक्के, असे त्यात लिहिले होते. हे दोन आकडे मी वाचले होते, पण नळीशी जोडून पाहिले नव्हते. जोडल्यावर चित्र असे दिसते. तासाला साडेअकरा किलो तेलाचे ४ टक्के म्हणजे जवळजवळ एक पौंड, साधारण ४५० ग्रॅम कोक. नळीची आतली जागा सुमारे ६८० घन सेंटीमीटर. सगळा कोक नळीतच बसला असता तर ती दोन तासांत भरली असती. काही वाफेबरोबर निघून गेला म्हणून साडेतीन तास मिळाले. हा गुणाकार आधी केला असता तर कॉइल वळवलीच नसती. कच्च्या तेलाची वाफ करून जाळणारे कुठलेही यंत्र कोणी दाखवले तर मी आता आधी कार्बन अवशेषाचा आकडा विचारतो, मग ताशी इंधन, मग नळीचे घनमान.

कॉइल वाचवायचे उपाय सुचवले गेले. दोन कॉइल ठेवून आलटून पालटून पाण्याची वाफ आणि हवेने कोक जाळून काढायचा, जसे मोठ्या भट्ट्यांच्या नळ्यांत करतात. पण तिथे ते काम काही महिन्यांनी एकदा येते, इथे दर तीन तासांनी आले असते. तो विचार तिथेच सोडला.

निम्मे उकळा, निम्मे परत पाठवा

दुसरा आराखडा जास्त शहाणा होता. सगळ्या तेलाची वाफ होत नसेल तर करूच नये. दुप्पट तेल तापवायचे, एका बंद पात्रात सोडायचे, वर येईल ती वाफ जाळायची आणि खाली उरलेले जड तेल थंड करून मुख्य तेलाच्या प्रवाहात परत मिसळायचे. विक्रीच्या तेलात एवढासा जड भाग कुणाला कळणारही नाही. ही कल्पना नवी नाही. अलास्का आरपार जाणाऱ्या पाइपलाइनच्या काही पंपिंग स्टेशनांवर अशीच छोटी ऊर्ध्वपातन केंद्रे होती. ती पाइपलाइनमधूनच कच्चे तेल घेत, टर्बाइनसाठी लागणारे हलके इंधन काढून घेत आणि बाकीचे पाइपलाइनला परत करत.

तत्त्व बरोबर होते, जागा चुकीची होती. ३०० अंशांच्या वर असलेली तेलाची वाफ पेटायला ठिणगीची गरज नसते, हवा मिळाली की पुरे. म्हणजे एखादे गॅस्केट गळले तर तिथेच आग. दुसरीकडे ते तापलेले जड तेल पुरेसे थंड न होता टाकीत गेले आणि टाकीच्या तळाशी पाणी असले, तर पाण्याची एकदम वाफ होऊन टाकी फेसाळून वर येते. आमच्या टाक्यांच्या तळाशी पाणी असतेच, सगळे केंद्रच पाणी काढण्यासाठी आहे. जिथे रात्रपाळीला एक माणूस असतो आणि तोही दुसऱ्या कामावर, तिथे असे पात्र ठेवायला मी सही करणार नाही, असे मी सांगितले. केंद्रप्रमुखांनी वाद घातला नाही.

वाफ ज्योतीतच होऊ द्यायची

मग आम्ही जुन्या, सरळ मार्गावर आलो. तेलाचे बारीक थेंब करायचे आणि थेंब ज्योतीत सोडायचे. वाफ तेव्हाही होतेच, पण ती थेंबाच्या पृष्ठभागावर, उघड्या जागेत होते. कोक झाला तरी चिकटायला भिंत नसते. तो थेंबाच्या जागी पोकळ, सच्छिद्र गोळी होऊन हवेत तरंगतो आणि वेळ मिळाला तर जळून जातो.

रशियन अभियंते व्लादिमिर शुखोव्ह यांनी १८८० च्या सुमारास बाकूच्या तेलाच्या जड अवशेषासाठी पाण्याच्या वाफेच्या झोताने फवारा करणारे नोझल बनवले, ते याच तत्त्वावर. त्याआधी तो अवशेष टाकाऊ समजला जात होता. पुढे जपानमधल्या वीजकेंद्रांनी कमी गंधकाचे कच्चे तेल थेट बॉयलरमध्ये जाळले, सौदी अरेबियात आजही जाळतात. फवाऱ्याने कच्चे तेल नीट जळते, हे सिद्ध झालेले आहे. १९९१ मध्ये कुवेतच्या सहाशेहून अधिक विहिरी पेटल्या तेव्हाही हा फरक दिसत होता. जिथे तेल जोराने उसळून हवेत फुटत होते तिथल्यापेक्षा, साचलेली तळी जळत होती तिथला धूर जास्त काळा होता.

थेंबाचा आकार किती महत्त्वाचा, हे दोन आकड्यांत कळते. एक किलो तेलाचे १ मिलीमीटरचे थेंब केले तर एकूण पृष्ठभाग सात चौरस मीटरही भरत नाही. ५० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) केले तर सुमारे १३६ चौरस मीटर. आणि थेंब जळायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १ मिलीमीटरच्या थेंबाला ढोबळ मानाने एक सेकंद लागतो, २०० मायक्रॉनच्या थेंबाला सेकंदाचा पंचविसावा भाग, ५० मायक्रॉनच्याला त्याच्याही सोळावा हिस्सा. मागे राहणाऱ्या कोकच्या गोळीला याच्या दसपट वेळ द्यावा, असे मी धरतो.

त्यावरून भट्टीचा आकार ठरला. आतून ४० सेंटीमीटर व्यास, १.२ मीटर लांबी, सगळीकडे अग्निरोधक अस्तर. तापलेले वायू यात साधारण दोन-तृतीयांश सेकंद थांबतात. म्हणजे २०० मायक्रॉनपर्यंतचा थेंब कोकसकट कसाबसा संपेल, त्याहून मोठा नाही. अस्तर लाल झाले की तेच थेंबांना उष्णता परत देते. कॉइलकडून मी जे काम मागत होतो ते आता भिंत करत होती, तेलाला स्पर्श न करता.

नोझल निवडताना दाबाने फवारणारे साधे नोझल आधी बाद झाले. तासाला तेरा लिटरसाठी त्याचे छिद्र अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते, आणि कच्च्या तेलात वाळू, मीठ, मेणाचे कण असतात. मग बॅबिंग्टन पद्धतीचा विचार झाला. त्यात पोकळ गोलावरून तेलाचा पातळ पडदा वाहतो आणि गोलातल्या बारीक छिद्रातून फक्त हवा सुटते. घाण अडकायला जागाच नाही. जळालेल्या इंजिन ऑइलसाठी मला ती पद्धत फार आवडते. पण न फवारलेले तेल तिथे उघड्यावर ओघळून परत फिरते. कच्च्या तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, बहुधा खोलीच्या तापमानाच्याही खाली असतो. उघड्या पडद्यावरून हलके घटक सतत उडत राहणार आणि बर्नरच्या पेटीत साचणार. म्हणून तीही नको. शेवटी दाबाच्या हवेने तेल फोडणारे नोझल घेतले, ज्यात तेलाची वाट २ मिलीमीटरहून रुंद आहे. फवाऱ्यासाठी तेलाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त हवा लागते, तेवढी छोटा कॉम्प्रेसर देतो.

तेल किती तापवायचे, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. गार तेल दाट असते, थेंब मोठे पडतात. जास्त तापवले तर हलके घटक उकळून पंपाच्या तोंडाशीच वाफ अडकते. तोडगा असा काढला की पंपापर्यंत तेल गारच ठेवायचे आणि दाब चढल्यानंतर, नोझलच्या अगदी आधी, ६० अंशांपर्यंत तापवायचे. दाबाखाली ते उकळत नाही. नोझलबाहेर दाब सुटताच थोडे हलके घटक एकदम वाफ होतात आणि थेंब आतून फोडतात. हलके-जड घटक एकत्र असण्याच्या ज्या गुणाने कॉइलला दगा दिला, तोच गुण इथे उपयोगी पडला.

विझण्याची भीती

भट्टीपेक्षा जास्त कागद आम्ही विझण्यावर लिहिले. तेलाबरोबर पाण्याचा घोट आला की ज्योत जाते. फवारा चालूच राहिला तर तापलेल्या भट्टीत तेलाचे धुके भरते, आणि पुन्हा पेटवताना स्फोट होतो. म्हणून हीटरमधून पाणी काढून बाहेर पडलेले तेलच बर्नरला द्यायचे, तेही दिवसभराच्या छोट्या टाकीत मुरवून, तळाचे पाणी सोडून. ज्योत पाहणारा सेन्सर. ज्योत गेली की चार सेकंदांत तेलाचे दोन्ही सोलेनॉइड (विजेवर चालणारे) व्हॉल्व्ह बंद. पुन्हा पेटवण्याआधी भट्टीतली हवा किमान पाच वेळा बदलेल इतका वेळ ब्लोअर. ऑपरेटरला हा वेळ टाळता येऊ नये म्हणून बटणच ठेवले नाही. पंपाची मोटर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरचा वायू पेटवू शकणार नाही अशी), खाली गळतीचा ट्रे, टाकीचा व्हेंट भट्टीपासून दूर, आणि तेलात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो म्हणून त्याचा डिटेक्टर.

गंधकामुळे चिमणीचे तापमान १८० अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही, असे ठरवले. त्याखाली उतरत गेले की कुठेतरी सल्फ्युरिक आम्ल दवासारखे पत्र्यावर धरते. चार टक्के कार्यक्षमता वाढवून चिमणी खाऊन टाकण्यात अर्थ नव्हता. कच्च्या तेलात अंशमात्र असणाऱ्या व्हॅनेडियम धातूची राखही अशीच त्रास देते. तिचे ऑक्साइड ६९० अंशांच्या आसपास वितळते, सोडियमबरोबर त्याहून लवकर, आणि वितळलेली राख स्टीलवरचा रक्षक थर विरघळवते. म्हणून भट्टीच्या गरम भागात उघडा धातू ठेवलाच नाही. नोझलचे टोक हवेच्या आवरणाने गार राहते.

पहिली सलग धाव ७२ तासांची ठेवली होती. दर दोन तासांनी चिमणीतला वायू पांढऱ्या गाळणकागदातून ओढून ठिपका पाहायचा, ही जुनी चाचणी मला अजून सर्वांत भरवशाची वाटते. पहिला ठिपका राखाडी आला. फिरत्या हवेची पाती थोडी वळवली, जास्तीची हवा वाढवली, ऑक्सिजन ४ टक्क्यांवर स्थिर केला. पुढचा ठिपका इतका फिका होता की ऑपरेटरने कागद उलटून पाहिला. ज्योत कॉइलच्या पहिल्या तासासारखी निळी नव्हती. ती पिवळी होती, भरलेली, आणि तिसऱ्या दिवशीही तशीच होती.

अडचण आली ती चौथ्या दिवशी, बर्नर मुद्दाम बंद केल्यावर. पुन्हा पेटवला तर फवारा एका बाजूला फाटलेला. नोझल काढले तर टोकात नखाएवढा कोक. चालताना तेल आणि हवा नोझल गार ठेवतात. बंद केल्यावर दोन्ही थांबतात आणि लाल अस्तराची उष्णता टोकात अडकलेल्या तेलावर येते. म्हणजे माझी कॉइल तिथे लहान रूपात परत आली होती. आता बंद करायचा क्रम वेगळा आहे. आधी कच्चे तेल बंद, मग ज्योत असतानाच दोन मिनिटे डिझेल, मग डिझेल बंद आणि अस्तर काळे पडेपर्यंत नोझलमधून नुसती हवा. वीज गेली तरी ही हवा मिळावी म्हणून कॉम्प्रेसरला वेगळी साठवण टाकी जोडली आहे. डिझेलमुळे गार दिवसांत नळीत मेण धरायचेही थांबले, हा फायदा आम्ही योजलेला नव्हता.

कापलेल्या कॉइलचा तो दीड मीटर तुकडा नियंत्रण कक्षाच्या खिडकीत ठेवला आहे. नवीन माणूस आला आणि डिझेलची दोन मिनिटे कशाला, असे त्याने विचारले की ऑपरेटर तो त्याच्या हातात देतो.